मधला मुक्काम : मुक्तांगणचा इतिहास, वऱ्हाडातून पाहिलेला

वऱ्हाडच्या महसुली दप्तरांत दारूचा उल्लेख सदैव जमेच्या बाजूस सापडतो. खर्चाच्या बाजूस तिला खातेच नाही. १८५३ साली निजामाकडून हा मुलूख इंग्रजांच्या अमलाखाली आला, तेव्हापासून जमाबंदी, जंगल आणि अबकारी यांचे हिशेब नेमाने लिहिले गेले. दारूचे मक्ते कोणी घेतले, दुकानांचे लिलाव कितीला गेले, याची नोंद राहिली. परंतु त्या दुकानांतून घरी परतलेल्या, किंवा परतूच न शकलेल्या, माणसांची मोजदाद ठेवणे हे कोणत्याही कारकुनाच्या कामात बसत नव्हते. ती मोजदाद करावयाची तर गावोगावच्या घरांत डोकावावे लागते, आणि त्यांपैकी एक घर इतिहासास ठाऊक आहे. शेंडगावचे झिंगराजी जानोरकर दारूपायी अकाली गेले. त्यांची पत्नी सखुबाई लहानग्या डेबूजीला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुऱ्यास माहेरी आली. आणि मामाच्या गुरांमागे वाढलेला तो पोरका मुलगा पुढे गाडगेबाबा या नावाने महाराष्ट्रास वंद्य झाला. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू-मटणाची पंगत न घालता त्यांनी गोडाचे जेवण वाढले, तेव्हा भाऊबंदांत जी कुजबुज झाली असेल तिची कल्पना वऱ्हाडात राहिलेल्या माणसास सहज करता येईल.

या प्रास्ताविकाचे कारण असे की, ज्या संस्थेचा वृत्तान्त लिहिण्याचे काम स्मरणिकेच्या संपादकांनी प्रस्तुत लेखकाकडे सोपविले, ती पुण्याची आहे. पुण्याची संस्था म्हटली की वऱ्हाडी माणसाच्या मनात किंचित अढी बसते, आणि ती सर्वस्वी निराधार असते असेही नाही. तथापि मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राच्या बाबतीत ती बाजूस ठेवणेच उचित होय. कारण अकोला किंवा बडनेरा येथून महाराष्ट्र एक्स्प्रेसने एका खचलेल्या भावाला अथवा नवऱ्याला सोबत घेऊन पुण्याकडे निघालेली माणसे ज्या प्रश्नाचे ओझे वाहत असतात, त्या प्रश्नाशी झुंजण्यातच या संस्थेची तीनहून अधिक तपे गेली आहेत. दारू कशी सोडवावी, हा तो प्रश्न नव्हे. सोडलेला माणूस सुटल्यानंतर राहील कोठे आणि कोणाच्या सोबतीने, हा तो प्रश्न होय.

प्रथम राज्यकर्त्यांनी काय केले ते थोडक्यात सांगतो, कारण ते थोडक्यातच सांगण्याजोगे आहे. मध्यप्रांत व वऱ्हाड सरकारने १९३८ साली दारूबंदीचा कायदा केला. राज्यपुनर्रचनेनंतर मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा १९५९ मध्ये विदर्भास लागू झाला. पुढे सवलती आल्या, परवाने आले, आणि १९७३ साली देशी दारूचे नियम झाले. आज महाराष्ट्रात दारूच्या दुकानास परवाना मिळतो तो दारूबंदीच्याच कायद्याखाली, आणि पिणाऱ्यास जो परवाना दिला जातो त्यावर तो प्रकृतीच्या जतनासाठी असल्याचा निर्वाळा असतो. हा विनोद मंत्रालयात कोणाच्या ध्यानी आला असल्यास त्याने तो आपल्यापाशीच ठेवला आहे. बंदी असो वा परवाना, दोन्ही व्यवस्थांची दृष्टी बाटलीवर होती. बाटली हातून सुटलेल्या माणसाकडे पाहण्याची नेमणूक कोणाचीच झाली नव्हती.

संतांनी मात्र पाहिले. मोझरीच्या गुरुकुंजातून, म्हणजे १९३५ पासून, तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर जे प्रबोधन चालविले त्यात व्यसनांवरील प्रहार अखंड होता. परंतु त्यांच्या कार्याचा आमच्या विषयाशी अधिक जवळचा भाग म्हणजे सामुदायिक प्रार्थना. संध्याकाळच्या ज्या घटकेला गावातील पाय गुत्त्याकडे वळावयाचे, त्याच घटकेला माणसांनी एकत्र बसावे, ही योजना मानसशास्त्राच्या ग्रंथांत न शोधताही किती अचूक होती, हे पुढे अनेकांना उमगले. गाडगेबाबांचे लक्ष आणखी निराळ्या ठिकाणी गेले. त्यांनी देवळांपेक्षा धर्मशाळा बांधण्यावर भर दिला. आणि त्यांच्या मिशनची दादरची धर्मशाळा आजही टाटा रुग्णालयात उपचारास येणाऱ्या कर्करोग्यांना व त्यांच्या नातलगांना आसरा देते. रुग्णालयात राहण्याइतका आजारी नाही आणि घरी जाण्याइतका बरा नाही, अशा माणसाला काही महिने छप्पर, अन्न व समदुःखी शेजार लागतो, ही गोष्ट त्या परंपरेने कोणत्याही समितीचा अहवाल येण्याची वाट न पाहता ओळखली. अमरावतीच्याच तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ पासून जे आरंभिले त्याचाही गाभा हाच होता : कुष्ठरोग औषधाने हटला तरी गाव त्या माणसाला परत घेत नाही, तेव्हा त्याला केवळ औषध देऊन भागत नाही, काम आणि वसती द्यावी लागते. सारांश, इंग्रजीत ज्याला हाफ-वे होम म्हणतात त्याचे तत्त्व वऱ्हाडास परके नव्हते. ते व्यसनाच्या बाबतीत लागू करावे, एवढेच कोणास सुचले नव्हते, कारण दारुड्यास आजारी मानण्याची रीतच आपल्याकडे नव्हती.

ती रीत समुद्रापलीकडून आली. अमेरिकेतील ॲक्रन या गावी १९३५ साली बिल विल्सन नावाचा शेअर दलाल आणि बॉब स्मिथ नावाचा शल्यचिकित्सक, दोघेही दारूने होरपळलेले, एकमेकांशी बोलत बसले आणि त्या बोलण्याच्या आधाराने सावरले. त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही बिरादरी जन्मली. तिचा सर्व कारभार एका अनुभवावर उभा आहे, तो असा की, व्यसनी माणसाचे जितके व्यसनी माणूस ऐकतो तितके डॉक्टरचे, बायकोचे किंवा कीर्तनकाराचे ऐकत नाही. १९५७ साली ही बिरादरी मुंबईस पोहोचली. पुढे मद्रासेस शांती रंगनाथन यांनी १९८० मध्ये, आणि वांद्र्यास फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये ‘कृपा’च्या रूपाने उपचाराची केंद्रे उभी केली, परंतु मराठी मध्यमवर्गास या विषयाची खरी जाग आली ती आणखी काही वर्षांनी, आणि तीही दारूमुळे नव्हे. दारू त्याच्या शेजारी शतकानुशतके होती. जाग आणली गर्दने.

ब्राउन शुगर, जिला पुण्या-मुंबईच्या पोरांनी गर्द हे नाव दिले, ती १९८० नंतरच्या वर्षांत महाविद्यालयांच्या कट्ट्यांपर्यंत आली. पन्नीवर पूड ठेवून खालून आच द्यायची आणि धूर ओढायचा. थोड्याच दिवसांत शरीर असे बांधले जाई की पुडी न मिळाल्यास हाडे फुटावीत तशा वेदना होत, उलट्या-जुलाब सुटत, आणि या अवस्थेला ती पोरे ‘टर्की’ म्हणत. अनिल अवचट हे शिक्षणाने डॉक्टर आणि वृत्तीने पत्रकार. परिचयाच्या एका घरातील मुलगा या पुडीच्या आहारी गेल्याचे कळल्यावर त्यांनी शोध घेतला आणि ‘गर्द’ या नावाने जे लिहिले, ते वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई अस्वस्थ झाले. नुसती हळहळ व्यक्त करून थांबणे सुनीताबाईंच्या स्वभावात नव्हते. या मुलांसाठी काही करता येईल काय, असा प्रश्न आला, आणि त्यामागोमाग पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानचे एक लाख रुपये आले. प्रश्नाचे उत्तर देण्याचा भार पडला तो अवचटांच्या पत्नीवर, डॉ. अनिता अवचट यांच्यावर, ज्यांना सर्वजण सुनंदा म्हणून ओळखत आणि ज्या त्या वेळी येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. रुग्णालयाच्या आवारातील एक इमारत मिळाली, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण सुरू झाले.

सरकारी मनोरुग्णालयाचे आवार ही जागा सोयीची होती, तितकीच अडचणीचीही. वेड्याच्या इस्पितळात आपला मुलगा पाठवावयाचा म्हणजे काय, हे पालकांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसे. त्यात दाखल होणारा मुलगा लबाडीत तरबेज, चोरीत मुरलेला, शपथा वाहण्यात सराईत. अशा रुग्णांस कुलपात ठेवावे, बांधावे, प्रसंगी मारावे, अशी समजूत तेव्हा सर्वत्र होती, आणि आजही काही ठिकाणी व्यसनमुक्तीच्या पाटीखाली ती बिनदिक्कत चालते. सुनंदाबाईंनी ती वाट प्रथमपासून नाकारली. त्यांच्या केंद्रात रुग्णाला रुग्णमित्र म्हणावयाचे, झाडलोट, बागकाम, वाढप ही कामे त्यांच्याच हाती द्यावयाची, आणि दिवसाचा प्रत्येक तास व्यायाम, गटचर्चा व मनोगते यांनी भरून काढावयाचा, अशी घडी बसली. वरवर पाहता ही आश्रमाची दिनचर्या वाटते. परंतु तिच्या मुळाशी एक वैद्यकीय निरीक्षण आहे : दारूचा कंप, घाम व भ्रम औषधांनी काही दिवसांत आटोक्यात येतो, टर्कीही बहुधा आठवडा-दहा दिवसांत ओसरते, पण रिकामी संध्याकाळ कशी घालवावी हे व्यसनी माणूस पार विसरलेला असतो, आणि ते त्याला लहान मुलासारखे नव्याने शिकावे लागते.

या शिक्षणाला मुक्तांगणने ३५ दिवसांची मुदत घातली. मुदत ठरविणे व्यवहारास भागच होते. खाटा मोजक्या, मागणी मोठी, आणि नोकरीतून रजा काढून आलेल्या माणसास त्याहून अधिक काळ थांबविणे कठीण. मात्र संस्थेच्या इतिहासातील सर्वांत शिकवणुकीचा भाग म्हणजे ही मुदत कोठे अपुरी पडते याचा तिला हळूहळू झालेला साक्षात्कार. पाच आठवडे निर्मळ राहिलेला माणूस नव्या कपड्यांत घरी जाई, आणि काहींच्या बाबतीत महिना उलटण्यापूर्वी घसरण होई, जिला या जगात सरळ ‘स्लिप’ म्हणतात. चांगल्या हेतूने निघालेल्या कित्येक संस्था अशा वेळी रुग्णास दोष देऊन मोकळ्या होतात. मुक्तांगणने घसरलेल्यास पुन्हा दार उघडले, आणि घसरण कोठे झाली याची चौकशी आरंभिली. त्या चौकशीची उत्तरे बहुतेक वेळा केंद्राच्या भिंतींबाहेरची निघाली. घरी कोणी विश्वास ठेवीत नाही, हातात पैसा देत नाहीत, दिला तर तो मोजून परत मागतात, बायकोने दहा वर्षांचा राग पाच आठवड्यांत विसरावा ही अपेक्षा तर रुग्णमित्रांचीच अवास्तव, काम गेलेले, आणि मित्र म्हणावे असे जे उरले, ते सगळे गुत्त्यावर भेटणारे.

म्हणून संस्था भिंतींबाहेर वाढू लागली. पत्नींच्या दुखण्याला स्वतंत्र जागा हवी, या जाणिवेतून ‘सहचरी’ हा गट झाला. त्यात बसणाऱ्या स्त्रियांना प्रथमच कळले की आपल्या घरी जे घडते ते शेजारणीच्याही घरी घडते. निरनिराळ्या गावी पाठपुराव्याच्या बैठका सुरू झाल्या, ‘आनंदयात्री’ हे नियतकालिक निघू लागले, आणि व्यसनाविना पार पडलेल्या वर्षाचा वाढदिवस करण्याची पद्धत रूढ झाली. या समारंभात पन्नाशीचा गृहस्थ आपला पहिला किंवा तिसरा वाढदिवस म्हणून उभा राहतो, तेव्हा प्रथम येणाऱ्या पाहुण्यास हसू येते, ते लवकरच ओसरते. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, सावरलेल्या माणसांना संस्थेने आपल्याच कामावर घेतले. कालचा रुग्णमित्र आज समुपदेशक झाला. पुडीसाठी चोरलेली भांडी कोठे विकतात हे त्याला ठाऊक होते, त्यामुळे नव्याने आलेल्याची कोणतीही थाप त्याच्यापुढे टिकत नसे. ॲक्रनच्या त्या दोघांचा अनुभव येरवड्यास असा पगारपत्रकावर आला.

आमच्या मते मुक्तांगणचा मधला मुक्काम खऱ्या अर्थाने येथेच आहे. ज्याला परत जाण्यास घर नाही, किंवा घर आहे पण ते अद्याप तयार नाही, असा माणूस संस्थेच्या कामात, संस्थेच्या माणसांत, काही काळ टिकून राहतो, आणि त्या काळात त्याला रोजची वेळ पाळणे, हाती आलेला पैसा संध्याकाळपर्यंत शिल्लक ठेवणे, रागावल्यावर घराबाहेर न पडणे, अशा अत्यंत सामान्य गोष्टी साध्य होतात. मात्र यातील मर्यादाही उघड आहे : एका संस्थेला किती समुपदेशक लागणार? सावरणारा प्रत्येकजण व्यसनमुक्तीचाच कार्यकर्ता होऊ लागला तर अकोल्याच्या जिनिंगमध्ये परत कोण जाणार?

सुनंदाबाईंनी हे केंद्र साडेदहा वर्षे चालविले, आणि त्यांतील बरीच वर्षे त्या स्वतः कर्करोगाशी झगडत होत्या. १० फेब्रुवारी १९९७ रोजी त्यांचे निधन झाले. व्यक्तीवर उभ्या राहिलेल्या संस्था व्यक्तीबरोबर मावळतात, हा महाराष्ट्राचा जुना अनुभव. येथे तो खोटा ठरला, याचे श्रेय जितके त्यांच्या कन्या मुक्ता पुणतांबेकर यांस, ज्यांनी मानसशास्त्राचे शिक्षण घेऊन पुढे संचालकपद सांभाळले, तितकेच त्या रुग्णमित्र-कार्यकर्त्यांच्या फळीसही आहे. संस्थेने येरवड्यातच आळंदी रस्त्यावर स्वतःची वास्तू उभारली. २००९ मध्ये ‘निशिगंध’ हा स्त्रियांचा स्वतंत्र विभाग झाला. व्यसनी पुरुषाला समाज बिघडलेला म्हणतो, व्यसनी स्त्रीला घरातले लोकच लपवून ठेवतात, त्यामुळे तो निर्णय बराच उशिरा झाला असे म्हणावे लागते, तरी इतरांच्या मानाने लवकरच. ‘मुक्तांगणची गोष्ट’ हा अनिल अवचटांचा ग्रंथ या सर्व काळाचा मुख्य आधार होय. त्यांचे २७ जानेवारी २०२२ रोजी निधन झाले.

आता वऱ्हाडाकडे वळावे. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या व २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार मद्याच्या समस्येसाठी साहाय्याची गरज असलेल्या भारतीयांची संख्या सुमारे ५ कोटी ७० लाख आहे, आणि मद्यावर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी एकासच कसलातरी उपचार लाभला आहे. ज्याला लाभला तो अकोला स्थानकावर उतरतो तेव्हा त्याचे पुढे काय होते? कापसाचा हंगाम असेल तर हातात एकदम पैसा येतो आणि तो कोठे उडवावा हे सांगणारे दहाजण भोवती जमतात. हंगाम बुडाला असेल तर सावकार दारात असतो, आणि तेच दहाजण सांत्वनासाठी पावशेर पुढे करतात. पोळा, होळी, लग्नसराई, निवडणूक, प्रत्येकीची आपापली बैठक आहे. ‘एक घोट घेतल्याने काही होत नाही, भाऊ’, हे वाक्य त्याला जितक्या प्रेमाने ऐकविले जाते तितक्या प्रेमाने त्याला कित्येक वर्षांत कोणी काही बोललेले नसते, आणि धोका नेमका त्या प्रेमात असतो. पाठपुराव्याची बैठक महिन्यातून एकदा. ही माया रोज संध्याकाळी.

या स्थितीला अमेरिकेत एक उत्तर सापडले, ते येथे नमूद करणे अस्थानी होणार नाही. मेरीलँड प्रांतातील सिल्व्हर स्प्रिंग येथे १९७५ साली सरकारी पैशाअभावी एक हाफ-वे होम बंद पडण्याच्या बेतात होते. तेव्हा त्यात राहणाऱ्या पॉल मलॉय व इतर रहिवाशांनी ते घर स्वतःच चालवावयास घेतले. त्याला ऑक्सफर्ड हाऊस म्हणतात, आणि त्या नमुन्याची घरे पुढे हजारोंनी झाली. नियम मोजके : कारभार रहिवाशांच्या मताने चालावा, भाडे व खर्च सर्वांनी वाटून द्यावा, आणि जो पिईल त्याने घर सोडावे. डॉक्टर नाही, अधीक्षक नाही, राहण्याची कमाल मुदत नाही. आपल्या कायद्यानेही या दिशेस एक पाऊल टाकले आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मद्य व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांचा मानसिक आजारात समावेश केला, आणि हाफ-वे होम व आधारयुक्त निवास यांची तरतूद शासनाच्या कर्तव्यांत घातली. कायद्यात घातलेले कर्तव्य जिल्हा कचेरीच्या फायलीतून बाहेर येण्यास किती काळ लागतो, याची वऱ्हाडी वाचकास वेगळी माहिती देण्याचे कारण नाही.

अमरावतीस किंवा अकोल्यास असे एखादे घर भाड्याने घ्यावयाचे ठरविले, तर अडचणी उपचाराच्या नसतील, घरमालकाच्या असतील. व्यसनातून उठलेल्या सहा-आठ पुरुषांना जागा देण्यास कोण तयार होईल? जात न विचारता एका चुलीवर शिजविलेले सर्वांनी खावे, हे गाडगेबाबांच्या धर्मशाळेत घडले. एखाद्या नगरातील दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात ते किती दिवस निभेल? पिणाऱ्याने घर सोडावे हा नियम सिल्व्हर स्प्रिंगमध्ये ठीक. येथे रात्री अकरा वाजता बाहेर काढलेला माणूस सरळ गुत्त्यावर किंवा रेल्वेच्या रुळांवर जाईल, तेव्हा त्याला त्या रात्रीपुरते कोठे न्यावयाचे, हे घराच्या करारनाम्यावर सही होण्याआधी ठरलेले असावे लागेल. बहुधा जिल्हा सामान्य रुग्णालयातील एक खाट, आणि तेथपर्यंत सोबत जाणारा, स्वतः एके काळी घसरलेला, एखादा रहिवासी. भाड्याचा हिशेब त्यामानाने सोपा आहे. रोजंदारी करणारे सहाजण मिळून एक घर पोसू शकतात, फक्त पहिल्या दोन महिन्यांची अनामत कोणीतरी पुढे होऊन भरावी लागते. मुक्तांगणच्या वेळी ती पु. ल. आणि सुनीताबाईंनी भरली.